दोनशे साडेवीस वाघ

आलेख काढण्याचे सॉफ्टवेअर नवशिक्याला सोपे आहे की नाही, हे ठरवायला एकच माप पुरते: पडद्यावर पहिली रेघ उमटण्याआधी त्याला किती गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. जाहिरातीत हे माप सापडत नाही. तिथे रंगीत डोंगरदऱ्या असतात, माउसने गरगर फिरवता येणारे गोळे असतात आणि ‘सोपे’ हा शब्द असतो. प्रोग्रॅमिंग नुकतेच शिकू लागलेल्याला डोंगरदऱ्या नको असतात. त्याला जून ते सप्टेंबरचा पाऊस चार खांबांत दाखवायचा असतो आणि सबमिशन उद्या असते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत हे माप आणखी कडक होते. पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा संपर्क तुटतो. ‘आधी इंटरनेटवरून उतरवून घ्या’ ही सूचना तिथे पावसाळ्यात निरुपयोगी आणि उरलेल्या महिन्यांत आशावादी ठरते. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचे, महानिर्मितीच्या केंद्रांत सर्वांत मोठे. तरी लाइट जाण्याची वेळ आणि फाइल सेव्ह न केल्याची वेळ यांचे काही जुने नाते असते. म्हणून या भागापुरते सॉफ्टवेअर पारखताना पाहायचे ते असे: नेटशिवाय चालते का, जुनाट संगणकावर चालते का, निघालेले चित्र छापून जर्नलात चिकटवता येते का आणि त्यावर गावाचे नाव मराठीत लिहिता येते का. शेवटच्या अटीपाशी भलेभले गळतात, पण ते पुढे.

सर्वांत जुने साधन कागदी आहे आणि ते कुठल्याही झेरॉक्स सेंटरवर मिळते. बारावीच्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला ग्राफ पेपर लागतो: वर उजव्या कोपऱ्यात स्केल, आडवा अक्ष, उभा अक्ष, टोकदार पेन्सिल आणि सगळ्या बिंदूंतून सुरेख जाणारी रेघ. एखादा बिंदू रेघेवर बसत नसेल तर रेघ हलवायची की बिंदू, हा विज्ञानातला गहन प्रश्न प्रॅक्टिकलच्या शेवटच्या दहा मिनिटांत चटकन सुटतो. बिंदू हलतो. संगणकाचे वेगळेपण इथेच सुरू होते. तो बिंदू हलवत नाही, आणि नवशिक्याला हा उद्धटपणा वाटतो.

रेघांचे आणि खांबांचे आलेख विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ मध्ये पुस्तकात छापले. वर्तुळाच्या फोडी करणारा पाय चार्ट त्याने १८०१ मध्ये काढला. त्याच्याकडे लॅब नव्हती आणि लाइट जाण्याचा प्रश्नही नव्हता. ज्याला हाताने स्केल ठरवता येत नाही त्याला सॉफ्टवेअर सांभाळून घेईल, ही अपेक्षा फोल आहे. सॉफ्टवेअर फक्त चूक सुबक करून देते.

कागदानंतर येतो टर्बो सी. बोर्लंड कंपनीचा हा कंपायलर १९८७ मधला. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला, म्हणजे टर्बो सी जिल्ह्याहून पाच वर्षांनी लहान. जगाने त्याला केव्हाच निवृत्त केले. भारतातल्या लॅबांनी मात्र मुदतवाढ दिली आणि ती वर्षानुवर्षे देत राहिल्या. ६४-बिट विंडोजवर तो चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स नावाचा एक खोटा जुना संगणक खऱ्या नव्या संगणकाच्या पोटात उभा करावा लागतो. मग निळा पडदा. मग ग्राफिक्सची हेडर फाइल. मग ‘इनिटग्राफ’ या फंक्शनला दोन व्हेरिएबलांचे पत्ते आणि बीजीआय फोल्डरचा मार्ग सांगायचा. मार्गातली तिरकी रेघ एकदा दिली तर चूक, दोनदा दिली तर बरोबर. दोनदा का, हे एक्स्टर्नल व्हायव्हात विचारतात. मार्ग चुकला की ‘ग्राफिक्स सुरू झालेले नाही, इनिटग्राफ वापरा’ असा उपदेश पडद्यावर येतो, आणि वापरलेले तर तेच असते. ‘काहून नाही येऊन राहिला जी सर?’ या प्रश्नाला लॅबमध्ये एक ठरलेले उत्तर आहे: ‘बाजूच्या मशीनवर करून पाहा.’

एवढे पार पडल्यावर हाती येतो ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचा काळा पडदा आणि १६ रंग. अक्ष आपले आपण ओढायचे, त्यावरचे आकडे आपले आपण लिहायचे. शून्य असतो डावीकडे वरच्या कोपऱ्यात आणि उभा अक्ष खाली वाढत जातो. त्यामुळे पहिल्या खेपेला भाताचे उत्पादन जसजसे वाढते तसतशी रेघ घसरत जाते. पडद्याच्या उंचीतून आकडा वजा केला की ती वर वळते. ही वजाबाकी ज्याला आपली आपण सुचली त्याला निर्देशक भूमिती पुन्हा शिकवावी लागत नाही. टर्बो सीच्या बाजूने बोलण्यासारखे एवढेच आहे, पण ते थोडे नाही. सोपे म्हणून मात्र त्याची शिफारस करता येत नाही. चित्र फाइलमध्ये साठवायची सरळ सोय नसल्याने विद्यार्थी मॉनिटरचा मोबाइलवर फोटो काढतात आणि जर्नलमधल्या आलेखात वरच्या ट्यूबलाइटची एक जास्तीची रेघ कायमची नोंदली जाते.

दुसऱ्या टोकाला स्प्रेडशीट आहे: एक्सेल, किंवा तेच काम फुकटात करणारे लिब्रेऑफिस कॅल्क. इथे प्रोग्रॅम लिहावाच लागत नाही, त्यामुळे प्रोग्रॅमिंगच्या सरांना ते कमीपणाचे वाटते आणि एमएस-सीआयटी झालेल्या प्रत्येकाला ते येत असते. निदान तसे प्रमाणपत्र असते. ताडोबा-अंधारी ज्या जिल्ह्यात आहे तिथे प्रोजेक्टचा विषय बहुधा वाघच असतो. महाराष्ट्रातल्या वाघांचा अंदाज २०१४ च्या गणनेत १९० होता, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. तीन ओळी, दोन स्तंभ. दोन्ही स्तंभ निवडून ‘लाइन चार्ट’वर क्लिक केले की एक्सेल दोन रेघा काढून देते: वर दोन हजारांच्या उंचीवर एक सपाट रेघ, ती वर्षांची, खाली तळाशी एक केविलवाणी रेघ, ती वाघांची. वर्षे २०१४ वरून २०२२ वर गेली, हा निष्कर्ष त्यातून निर्विवादपणे निघतो. ‘लाइन’ऐवजी ‘स्कॅटर’ निवडले की वर्षे आडव्या अक्षावर उतरतात, पण स्कॅटर म्हणजे विखुरलेले, आणि आपले वाघ विखुरलेले दिसू नयेत म्हणून पुष्कळ जण ते टाळतात.

एक्सेलचा दुसरा गुण म्हणजे त्याचा उत्साह. गावनिहाय माहितीत ‘मामा तलाव’ नावाचा रकाना असतो. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. धानाच्या या मुलखात ते गावोगाव आहेत. माहिती देणाऱ्याने ‘३-४ असतील’ म्हटले, भरणाऱ्याने ३-४ लिहिले की एक्सेल त्याची तारीख करते. गावात ३ एप्रिल इतके तलाव आहेत असे दिसते. संगणकाच्या सेटिंगनुसार ते ४ मार्चही असू शकतात. आलेखात ही तारीख आतल्या आत दिवसांचा हिशोब होऊन उतरते, आणि त्या गावाचा खांब चाळीस हजारांच्या वर जातो. शेजारची गावे जमिनीला चिकटतात. खांबांखाली ‘सिरीज वन’ हे नाव तसेच राहिलेले असते. शिक्षण, आरोग्य, शेती, पाणीपुरवठा अशा सर्व क्षेत्रांत सारखाच आढळणारा घटक म्हणून सिरीज वनचा अभ्यास अजून कोणी केलेला नाही.

पाय चार्टविषयी थोडक्यात. गडचिरोलीच्या भूभागापैकी सुमारे तीन चतुर्थांश वनाखाली आहे. दोनच फोडींचे वर्तुळ, ते कुठल्याही सॉफ्टवेअरला जमते. पण एक्सेलमध्ये ‘थ्री-डी’ नावाचे बटण असते आणि ते दाबले जाते. वर्तुळ कलते, पुढची फोड जाड होते, मागची आक्रसते. जंगल पुढे आले तर वाढलेले आणि मागे गेले तर तुटलेले दिसते, झाड एकही न हलता.

प्रोग्रॅम लिहून आलेख काढायचा असेल तर सोपेपणात ग्नूप्लॉटचा हात धरणारे दुसरे नाही. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी ते १९८६ मध्ये केले. ‘ग्नू’ या मोफत सॉफ्टवेअरच्या मोठ्या चळवळीशी त्याचा नावापुरताही संबंध नाही. नाव तेवढे तसे पडले. ‘प्लॉट’ लिहायचे, पुढे साइन एक्स लिहायचे, एंटर. उणे दहा ते अधिक दहापर्यंत लाट हजर, अक्ष काढलेले, आकडे लिहिलेले, कोपऱ्यात रेघेचे नावही. आधी काही ठाऊक असण्याची अट जवळपास नाही. आकडे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये स्तंभ करून ठेवले आणि पहिला स्तंभ आडवा, दुसरा उभा एवढे सांगितले की तेही निघते. आकाराने लहान, पेन ड्राइव्हवर मावते, जुन्या संगणकावर न धापता चालते, नेट मागत नाही. खोड एकच: आज्ञा फाइलमध्ये लिहून चालवल्या तर आलेखाची खिडकी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मिटते. फाइलच्या शेवटी ‘पॉझ’ आणि उणे एक लिहिले की एंटर दाबेपर्यंत ती थांबते. ही उणे एकची ओळ माहीत नसल्यामुळे कितीतरी बरोबर आलेख कोणी न पाहताच मिटले असतील.

ऑक्टेव्ह आणि सायलॅब ही इंजिनिअरिंगवाल्यांची साधने. महागड्या मॅटलॅबचे काम ती फुकटात करतात. ऑक्टेव्हचे नाव संगीतातल्या सप्तकावरून नाही, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील या केमिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांवरून आहे. ही माहिती आलेख काढताना उपयोगी पडत नाही, पण व्हायव्हात पडू शकते. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सायलॅबचे धडे मराठीतूनही ऐकता येतात, आणि ज्याला मॅट्रिक्स येते त्याला ही दोन्ही चांगली. ज्याला येत नाही त्याला ती मॅट्रिक्सच शिकवत बसतात.

आता पायथॉन, कारण शेवटी सगळे तिथेच जातात. पायथॉनबरोबर ‘टर्टल’ नावाचे एक कासव आपोआप येते. वेगळे काही उतरवायला नको. पुढे जा, डावीकडे वळ, अमुक बिंदूवर जा, एवढ्या आज्ञांवर ते रेघ ओढत हिंडते. त्याचा वंश १९६७ च्या लोगो भाषेपर्यंत पोचतो, जी सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी तयार केली. कासवाचा शून्य पडद्याच्या मधोमध असतो आणि ‘वर’ म्हणजे खरोखर वर. कॉलेजातल्या मुलांना ते बालिश वाटते. पण शिकणाऱ्याला जे येते तेवढ्यावरच साधन उभे करावे, याचा नमुना गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने बाळाचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी गावातल्या दायांना श्वास मोजायला शिकवले, तेव्हा अनेकींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग त्यांच्यासाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी असे साधन केले गेले: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचले तर आजार समजायचा. साठपर्यंत मोजण्याची अट त्यातून निघून गेली. संगणक विभागांनी हे साधन एकदा टेबलावर ठेवून पाहावे आणि नंतर बीजीआय फोल्डरचा मार्ग विचारावा.

कासवापुढचा टप्पा मॅटप्लॉटलिब. जॉन हंटर या मेंदूशास्त्रज्ञाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत पाहता यावेत म्हणून त्याची सुरुवात केली आणि २००३ मध्ये ते बाहेर आले. २०१२ मध्ये हंटर गेले. सॉफ्टवेअर मात्र आज पायथॉनमधल्या आलेखांचा पाया आहे. ते बसवायचे काम ‘पिप’ करतो, आणि इथे नेट लागते. एकट्या मॅटप्लॉटलिबला आवतण दिले तरी नवरदेवामागे वऱ्हाड यावे तसे नमपाय, पिलो, किविसॉल्व्हर, सायक्लर, पायपार्सिंग असे सगळे येतात. त्यात ‘सिक्स’ नावाचाही एक असतो, तो कोणाकडून आला हे कोणी विचारत नाही. वऱ्हाड निम्मे उतरले आणि रेंज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. यावर व्यवहारी तोड अशी की चंद्रपूर, गडचिरोली किंवा वडशाला चांगली रेंज असताना कोणीतरी एकाने विनपायथॉनसारखा सगळे आत भरलेला, पेन ड्राइव्हवरूनच चालणारा संच उतरवून ठेवावा आणि पुढे हातोहात द्यावा. पेन ड्राइव्हबरोबर व्हायरसही हातोहात जातो, हे लक्षात ठेवावे. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांच्यासाठी पायड्रॉइड नावाचे ॲप आहे. अंगठ्यांनी प्रोग्रॅम लिहिण्याची तयारी हवी.

मॅटप्लॉटलिबमध्ये नवशिक्या अडतो त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली: शेवटी ‘शो’ लिहायचे राहते. प्रोग्रॅम चालतो, चूक दाखवत नाही, आलेखही दाखवत नाही. दुसरी जागा अधिक भाविकपणाची. मॅटप्लॉटलिबचा पहिला प्रोग्रॅम म्हणून विद्यार्थी आपल्या फाइलला ‘मॅटप्लॉटलिब’ हेच नाव देतो. पायथॉन मग खऱ्या मॅटप्लॉटलिबला बाहेर शोधायला जात नाही. समोर त्याच नावाची फाइल दिसते, तीच उघडतो, आणि ती फाइल स्वतःलाच बोलावत बसते. येणारा इशारा बहुधा ‘मॅटप्लॉटलिब हे पॅकेज नाही’ असा असतो. तो वाचून विद्यार्थी मॅटप्लॉटलिब पुन्हा बसवतो. पुन्हा नेट, पुन्हा वऱ्हाड, पुन्हा तोच इशारा.

तिसरी जागा खरी मजेची आहे. फाइलमधून वाचलेले आकडे पायथॉनला आधी अक्षरे म्हणून मिळतात. त्यांचे संख्येत रूपांतर करावे लागते. ते राहिले तर मॅटप्लॉटलिब तक्रार करत नाही. प्रत्येक आकड्याला ते एक नाव समजते आणि ज्या क्रमाने नावे आली त्या क्रमाने उभ्या अक्षावर एकावर एक रचते. आकडे वेगवेगळे असले की निघते ती डावीकडून उजवीकडे वर चढणारी तंतोतंत सरळ रेघ. पाऊस असो, धान असो, तेंदूपत्त्याची पुडकी असोत, बुडालेले वर्ष असो, रेघ चढतच राहते. या दोषाला दुरुस्त करावे असे सर्वांनाच वाटेल याची खात्री नाही. वार्षिक अहवाल लिहिणाऱ्या मंडळींना तो सोयीचा वाटू शकतो. जाता जाता, रूपांतर करायचे ठरवलेच तर पायथॉनचे ‘इंट’ हे फंक्शन देवनागरी अंकही मुकाट्याने स्वीकारते. १९० देवनागरीत लिहिले तरी त्याला एकशे नव्वदच कळतात.

पुस्तकातल्या उदाहरणांनीही नवशिक्या दमतो. ‘सीबॉर्न’ या मॅटप्लॉटलिबवर बेतलेल्या संचात सरावासाठी अंटार्क्टिकाजवळच्या बेटांवरच्या पेंग्विनांची मोजमापे दिली आहेत. मे महिन्यात ब्रह्मपुरीत पारा ४५ अंशांपुढे गेलेला, पंखा बंद, आणि विद्यार्थी पेंग्विनच्या पंखांची लांबी आडव्या अक्षावर घेतो आहे. ही मोजमापे संचाबरोबर येत नाहीत, दर नव्या संगणकावर ती नेटवरून येतात, म्हणजे पेंग्विनही टॉवरच्या भरवशावर. दुसरे आवडते उदाहरण आयरिस फुलांचे: तीन जाती, १५० फुले, रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेले. आयरिस या दोन जिल्ह्यांत बहुतेकांनी पाहिलेले नसते. मार्च-एप्रिलात पहाटे झाडाखाली मोहफुले वेचणाऱ्या घरातल्या मुलाला दर दिवशीच्या टोपलीचे वजन एका वहीत लिहायला सांगितले तर आयरिसहून कमी ओळी जमतात, पण त्यात आईचा सुट्टीचा दिवसही दिसतो.

‘आर’ भाषेविषयी चार ओळी पुरेत. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती केली. संख्याशास्त्र शिकणाऱ्याला तिच्यासारखी नाही, आणि एका ‘प्लॉट’ आज्ञेत आलेख निघतो. नवशिक्याची अडचण एवढीच की नाव एका अक्षराचे असल्याने मदत शोधताना गुगलला नेमके काय विचारायचे हे कळत नाही. जिओजिब्रा आणि डेसमॉस ही गणिताच्या शिक्षकांची लाडकी. समीकरण टाइप केले की वक्र हजर. शिकवायला उत्तम. पण प्रोग्रॅम तिथे दुसऱ्याने लिहिलेला असतो, म्हणून प्रोग्रॅमिंगच्या जर्नलात ती चालत नाहीत.

आता मराठी. मॅटप्लॉटलिबच्या ठरलेल्या अक्षरसाच्यात देवनागरी नाही, त्यामुळे जिल्ह्यांची नावे लिहिली की रिकाम्या चौकटी येतात. देवनागरी फाँट सांगितला की अक्षरे येतात, आणि खरा घोळ तेव्हा सुरू होतो. लॅबच्या संगणकांवर असतात त्या आवृत्त्या अक्षरे जोडत नाहीत. टाइप केली त्या क्रमाने एकेक मांडत जातात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी यायची ती मागे पडते आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेले दिसते. ‘गडचिरोली’मधल्या ‘चि’ची वेलांटी ‘रो’च्या डोक्यावर बसते. ‘चंद्रपूर’मधला ‘द्र’ फुटतो. म्हणजे दोन जिल्ह्यांपैकी एकाचे नाव वेलांटीत अडकते, दुसऱ्याचे जोडाक्षरात, आणि मॅटप्लॉटलिबचे दोन्ही दोष शिकवायला दुसरे उदाहरण लागत नाही.

तालुक्यांची वर्गवारी उद्बोधक आहे. गडचिरोलीच्या १२ तालुक्यांपैकी धानोरा, कुरखेडा, कोरची, आरमोरी, देसाईगंज, अहेरी, मुलचेरा आणि भामरागड सुखरूप निघतात. गडचिरोली, चामोर्शी, एटापल्ली आणि सिरोंचा जखमी होतात. चंद्रपूरच्या १५ पैकी वरोरा, नागभीड, मूल, सावली, राजुरा आणि कोरपना तेवढे वाचतात. भद्रावती, बल्लारपूर, पोंभुर्णा, चिमूर, सिंदेवाही, गोंडपिपरी, जिवती आणि खुद्द चंद्रपूर मोडतात, आणि ब्रह्मपुरी दोन ठिकाणी मोडते. मराठीत आलेख सादर करायचा असेल तेव्हा नमुन्यादाखल कोणते तालुके घेतले जातात, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. चांगली गोष्ट ही की यातून सुटका आहे. ग्नूप्लॉटला ‘पीएनजी-कायरो’ या टर्मिनलवर चित्र काढायला सांगितले तर ते अक्षरे नीट जोडते, ब्रह्मपुरीसुद्धा. स्प्रेडशीटमध्ये ही अडचण नाहीच. मॅटप्लॉटलिबवरच हट्ट असेल तर चित्र एसव्हीजी फाइलमध्ये साठवून, अक्षरे अक्षरेच ठेवायला सांगावे. ब्राउझर ती फाइल उघडताना मराठी बरोबर लिहितो. मराठी नावांचा आग्रह धरणाऱ्या शिक्षकाने म्हणून ग्नूप्लॉट शिकवावे, आणि इंग्रजी नावांवर भागवणाऱ्याने कासवानंतर थेट मॅटप्लॉटलिब. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले तेव्हाही ही दोन्ही साधने फुकट होती आणि आजही आहेत. खर्चाची सबब इथे चालत नाही.

कोणतेही साधन घेतले तरी एक सवय सगळ्यांत सारखी असते: दिलेले बिंदू मागेपुढे न पाहता रेघेने जोडणे. २०१४ चे १९० आणि २०१८ चे ३१२ वाघ सरळ रेघेने जोडले की २०१५ वर ती रेघ २२०.५ दाखवते. दोनशे साडेवीस वाघ. २०१७ मध्ये अर्धा वाघ पुन्हा येतो, २८१.५. ‘स्मूद लाइन’ निवडली तर रेघ वळणे घेते आणि गणना झाली नाही त्या वर्षांतही वाघ कुठे वाढले, कुठे थबकले हे आत्मविश्वासाने सांगते. गणना चार वर्षांनी एकदाच होते. मधल्या वर्षांत कॅमेऱ्यात जे सापडते ते वेगळे आणि या रेघेत जे सापडते ते वेगळे. यावर उपाय अगदी साधा: रेघ न ओढता बिंदू ठेवावेत, किंवा खांब काढावेत. खांबांचा उभा अक्ष शून्यापासून सुरू करावा. तो १८० पासून सुरू केला तर २०१४ चा खांब जेमतेम दिसतो आणि २०२२ चा छताला भिडतो. वाघ अडीचपटीच्या आत वाढले असताना पाहणाऱ्याला ते सव्वीसपट वाटतात आणि तो सफारीचे बुकिंग करतो.

राहिले छापणे. मॅटप्लॉटलिबमध्ये चित्र साठवण्याची आज्ञा ‘शो’च्या आधी द्यावी, नंतर दिली तर साठवले जाते ते कोरे पान, आणि ते झेरॉक्स सेंटरवर पोचल्यावर उघडते. तिथे रंगीत प्रिंट महाग पडते म्हणून जर्नल काळ्या-पांढऱ्यातच निघते, आणि पडद्यावर लाल, हिरव्या, निळ्या दिसणाऱ्या तीन तालुक्यांच्या तीन रेघा कागदावर एकाच करड्या रंगाच्या होतात. म्हणून रंगावर विसंबू नये. एक रेघ सलग, दुसरी तुटक, तिसरी ठिपक्यांची; चौथा तालुका घ्यायचाच असेल तर दुसरा आलेख काढावा.